अमेरिकेत पहिला माणूस कामावर ठेवताना: पेरोल टॅक्सचा फेडरल आणि स्टेटचा हिशेब

इथे व्यवसाय सुरू करणाऱ्या मराठी मंडळींना एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढणं, हेल्थ परमिट मिळवणं, इन्स्टाग्रामवर मेनू टाकणं हे सगळं जमतं. घोडं अडतं ते पहिल्या पगारापाशी. टिफिनच्या ऑर्डरी वाढल्या, हाताखाली कुणीतरी हवं म्हणून एक बाई कामाला ठेवल्या, महिनाअखेरीला झेल अ‍ॅपवर पैसे पाठवले आणि विषय संपला, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर पेरोल टॅक्सचा, म्हणजे पगारावरच्या करांचा, विषय तिथूनच सुरू होतो.

भारतात नोकरी केलेल्यांना टीडीएस, पीएफ, प्रोफेशनल टॅक्स ही नावं पाठ असतात, पण ज्याचं कापलं जातं त्याच्या नजरेतून. कापणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर दोन गोष्टी नव्याने कळतात. एक, पगारातून कापलेले पैसे तुमचे नसतात. ते भरेपर्यंत तुम्ही फक्त सांभाळत असता. दोन, वॉशिंग्टनचं म्हणजे फेडरल सरकार आणि राज्य सरकार ही दोन वेगळी दारं आहेत. एकाकडे भरलं म्हणून दुसऱ्याला ते आपोआप कळत नाही.

या लेखात कॅलिफोर्निया धरलं आहे, कारण बे एरियातून असे प्रश्न सतत येतात आणि स्टेटचं काम इथे बऱ्यापैकी गुंतागुंतीचं आहे. आकडे २०२५ चे आहेत. दर वर्षी बदलतात, म्हणून जानेवारीत आयआरएसचं (फेडरल कर खात्याचं) पब्लिकेशन १५ आणि ईडीडीचं डीई ४४ हे गाइड एकदा उघडायचंच. ईडीडी म्हणजे राज्याचं रोजगार खातं. इथला पेरोल टॅक्स तेच गोळा करतं. उदाहरण म्हणून फ्रीमॉन्टमधलं एक टिफिन किचन घेऊ: एकच मदतनीस, पगार महिना ४,००० डॉलर.

पायरी १: हा माणूस एम्प्लॉयी आहे का, ते आधी ठरवा

"आम्ही त्यांना १०९९ वर ठेवलंय" हे वाक्य इथल्या प्रत्येक पॉटलकमध्ये ऐकू येतं. म्हणजे कॉन्ट्रॅक्टर म्हणून पैसे द्यायचे, काही कापायचं नाही, आणि वर्षाच्या शेवटी १०९९-एनईसी हा फॉर्म द्यायचा. सोयीचं आहे यात शंका नाही, पण ही निवड तुमची नाही, समोरच्याचीही नाही. दोघांनी राजीखुशीने सही केली तरी काम एम्प्लॉयीचं असेल तर तो एम्प्लॉयीच.

कॅलिफोर्नियात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या डायनामेक्स निकालानंतर आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या एबी ५ कायद्यानंतर तीन प्रश्नांची एबीसी चाचणी लागते. माणूस तुमच्या देखरेखीशिवाय काम करतो का? त्याचं काम तुमच्या नेहमीच्या धंद्याच्या बाहेरचं आहे का? आणि त्याच कामाचा त्याचा स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' आलं तरच तो कॉन्ट्रॅक्टर, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी तुमची. किचनमधला नळ दुरुस्त करणारा प्लंबर यातून सहज पार होतो. पोळ्या करणाऱ्या बाई दुसऱ्याच प्रश्नाला अडतात, कारण तुमचा धंदाच पोळी-भाजीचा. काही व्यवसायांना अपवाद आहेत, पण स्वयंपाकघरातल्या मदतनिसाला त्यांचा उपयोग नाही. फेडरल पातळीवर आयआरएसचा निकष याहून थोडा सैल आहे. कामावर आणि पैशांवर ताबा कुणाचा, हे तिथे पाहतात. कॅलिफोर्नियात राहायचं तर कडक निकषाने चाला.

हे उघडकीला कसं येतं? बहुधा कुणी तक्रार करत नाही. त्या बाई काम सोडतात, बेकारी भत्त्याचा अर्ज करतात, शेवटचा मालक म्हणून तुमचं नाव लिहितात. ईडीडी आपल्या नोंदीत बघतं, तर त्यांच्या नावावर पगाराचा एक डॉलरही दिसत नाही. पत्र तुमच्याकडे येतं आणि चौकशी मग एका बाईंपुरती राहत नाही. जाणूनबुजून चुकीचं वर्गीकरण केल्याचं ठरलं तर राज्याचा कामगार कायदा प्रत्येक प्रकरणी ५,००० ते २५,००० डॉलर दंड लावू शकतो.

रोख पैसे देण्याबद्दलही एक गैरसमज आहे. रोख पगार देणं बेकायदा नाही. न कापता, न नोंदवता देणं बेकायदा आहे.

घरची माणसं असतील तर

हा भाग आपल्या लोकांसाठी मुद्दाम सविस्तर. धंदा नवरा किंवा बायको एकाच्या नावावर, कंपनी न काढता असेल आणि जोडीदाराला पगारावर ठेवलं, तर सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतनासाठीचा कर) आणि मेडिकेअर (म्हातारपणीच्या आरोग्यविम्याचा कर) लागतं, फेडरल बेकारी कर मात्र लागत नाही. १८ वर्षांखालच्या स्वतःच्या मुलाला ठेवलं तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरही लागत नाही. फेडरल बेकारी कराची सूट २१ वर्षांपर्यंत आहे. पण हाच धंदा कॉर्पोरेशनच्या नावावर असेल तर या सवलती गेल्या, कारण मग मालक कंपनी आहे, आई-बाप नाहीत. एलएलसीला कॉर्पोरेशनसारखा कर लावून घेतला असेल तरी तेच.

आता नाजूक गोष्ट. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा किचनमध्ये 'हातभार' लावतात. बी-२ व्हिसावर इथे काम करता येत नाही. घरातल्यांसाठी आमटी करणं वेगळं आणि विक्रीसाठी दोनशे पुरणपोळ्या लाटणं वेगळं. पैसे घेतले नाहीत म्हणून तो प्रश्न सुटेल असं समजू नका. एच-४ वर असलेल्या जोडीदाराकडेही वर्क परमिट हवंच.

शेजारच्या युनिव्हर्सिटीतला विद्यार्थी सीपीटी किंवा ओपीटी या विद्यार्थ्यांच्या कामाच्या परवानगीवर ठेवत असाल तर एक उपयोगी नियम आहे. एफ-१ वरचा विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं करापुरता अनिवासी धरला जातो आणि त्याच्या अधिकृत कामाच्या पगारावर सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर लागत नाही, ना त्याचं ना तुमचं. आयकर मात्र कापायचाच. एच-१बी वाल्याला ही सूट नाही. "मी तर चार वर्षांत पुण्याला परत जाणार, माझं कशाला कापता?" हा प्रश्न येतोच. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे मालकाला ते थांबवता येत नाही.

पायरी २: दोन्ही दारांवर नाव नोंदवा

फेडरल बाजूला ईआयएन हा नऊ आकडी नंबर लागतो. तो आयआरएसच्या साइटवर फुकट आणि बहुतेक वेळा लगेच मिळतो. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या, सरकारी वाटणाऱ्या काही साइट त्यासाठी पैसे घेतात. तिकडे फिरकू नका. एलएलसी काढताना ईआयएन घेतला असेल तर तोच चालतो.

राज्याच्या बाजूला ईडीडीच्या ई-सर्व्हिसेसवर एम्प्लॉयर म्हणून नोंदणी करायची आणि आठ आकडी पेरोल टॅक्स नंबर घ्यायचा. एका तिमाहीत १०० डॉलरहून जास्त पगार दिला की १५ दिवसांच्या आत ही नोंदणी व्हायला हवी. एलएलसीची नोंदणी सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, आयकर फ्रँचाइज टॅक्स बोर्डाकडे आणि पेरोल ईडीडीकडे. ही तिन्ही खाती एकाच राज्याची असली तरी एकाकडे केलेली नोंदणी दुसऱ्याला पुरत नाही. नवख्यांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं.

पायरी ३: कामाच्या पहिल्या आठवड्यातली कागदपत्रं

डब्ल्यू-४ हा फेडरल आयकर किती कापायचा ते सांगतो आणि डीई ४ हा कॅलिफोर्नियाचा. दोन्ही कर्मचारी भरतो, तुम्ही जपून ठेवता. भरून दिले नाहीत तर 'सिंगल' धरून कापायचं. अडून बसायचं कारण नाही.

आय-९ म्हणजे कामाच्या परवानगीची पडताळणी. पहिला भाग कर्मचाऱ्याने पहिल्याच दिवशी भरायचा, दुसरा तुम्ही मूळ कागद पाहून तीन कामकाजी दिवसांत. यादीतले कुठले कागद दाखवायचे ते तो ठरवतो. "ग्रीन कार्डच दाखव" असा हट्ट धरला तर तो भेदभाव ठरतो, समोरचा आपल्या गावचा असला तरी.

काम सुरू झाल्यापासून २० दिवसांत नवीन कर्मचाऱ्याची खबर डीई ३४ वर ईडीडीला द्यायची. ही माहिती मुख्यतः मुलांच्या पोटगीच्या वसुलीसाठी वापरली जाते. आणि वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामावरच्या दुखापतीचा विमा: तो टॅक्स नाही, पण कॅलिफोर्नियात एक माणूस ठेवला तरी सक्तीचा आहे. कढईतलं तेल हातावर उडालं की त्याची किंमत कळते.

पायरी ४: पगाराचं गणित

आधी एक बारीक गोष्ट. कॅलिफोर्नियात बहुतेक कामगारांना महिन्यातून किमान दोनदा पगार द्यावा लागतो. १ ते १५ तारखेचा त्याच महिन्याच्या २६ पर्यंत, उरलेल्याचा पुढच्या महिन्याच्या १० पर्यंत. म्हणजे आपल्या बाईंना २,००० चे दोन चेक. सोयीसाठी इथे महिन्याची बेरीज मांडतो.

४,००० मधून कापायचं ते असं:

सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के: २४८ डॉलर
मेडिकेअर १.४५ टक्के: ५८
कॅलिफोर्निया एसडीआय (राज्याचा अपंगत्व विमा) १.२ टक्के: ४८
फेडरल आयकर, सिंगल आणि डब्ल्यू-४ वर बाकी काही नाही असं धरून: साधारण ३१०
कॅलिफोर्निया आयकर: साधारण ९०

एकूण ७५४ कापले, हातात ३,२४६ गेले. पे-स्टबवर यातली प्रत्येक रक्कम वेगळी दिसायला हवी. इथला कायदा त्याबाबत कडक आहे.

सोशल सिक्युरिटी वर्षाला १,७६,१०० डॉलर पगारापर्यंतच लागते, मेडिकेअरला अशी मर्यादा नाही. पगार २,००,००० च्या वर गेला की कर्मचाऱ्याकडून आणखी ०.९ टक्के मेडिकेअर कापायचं. एसडीआयची पगारमर्यादा १ जानेवारी २०२४ पासून काढून टाकली आहे. टिफिन किचनला हे आकडे लागणार नाहीत, पण याच लेखाचा आधार घेऊन कुणी सॉफ्टवेअर इंजिनिअर ठेवेल म्हणून सांगून ठेवलं.

आता तुमच्या खिशातून जाणारं, म्हणजे पगाराच्या वरचं. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर तुम्हीही तितकंच भरायचं: ३०६ डॉलर. मग आणखी तीन कर, आणि हे तिन्ही प्रत्येक माणसाच्या वर्षातल्या पहिल्या ७,००० डॉलरवरच. राज्याचा यूआय म्हणजे बेकारी कर, नव्या मालकाला ३.४ टक्के. राज्याचाच ईटीटी म्हणजे कामगार प्रशिक्षणाचा कर, ०.१ टक्के. आणि एफयूटीए म्हणजे फेडरल बेकारी कर, मूळ दर ६ टक्के पण राज्याचा यूआय वेळेवर भरणाऱ्याला ५.४ टक्क्यांची वजावट, म्हणून ०.६ टक्के (कॅलिफोर्नियात तो वर्षाअखेर वाढतो, ते पुढे येतं).

पहिल्या महिन्यात त्यामुळे १३६, ४ आणि २४ डॉलर वर लागतात. दुसऱ्या महिन्यात ७,००० पूर्ण व्हायला ३,००० उरलेले असतात, म्हणून १०२, ३ आणि १८. तिसऱ्या महिन्यापासून शून्य. जानेवारी-फेब्रुवारीत पेरोल महाग आणि पुढे स्वस्त का वाटतो, त्याचं कारण हे. वर्षाच्या मध्यात माणूस बदलला तर नव्या माणसाचे ७,००० पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. सारखी माणसं बदलणाऱ्या किचनला हा खर्च गुपचूप वाढत जातो.

पायरी ५: पगाराच्या दिवशीच पैसे बाजूला काढा

दुसरं बँक खातं उघडा. चेक दिला त्याच दिवशी कापलेली रक्कम आणि तुमचा वाटा त्यात हलवा. नियम कुठलाही हे सांगत नाही, पण गोत्यात आलेले बहुतेक छोटे मालक इथेच घसरलेले असतात. भाडं थकलंय, दिवाळीच्या ऑर्डरीसाठी तूप-बेसन भरायचंय, खात्यात ९०० डॉलर दिसताहेत, आणि "पुढच्या महिन्यात भरू" म्हणून ते वापरले जातात.

आपल्या उदाहरणात महिन्याला फेडरलकडे जायचे ९२२ डॉलर: आयकर ३१०, सोशल सिक्युरिटीचे दोन्ही वाटे ४९६, मेडिकेअरचे दोन्ही ११६. यातले ६१६ कर्मचाऱ्याच्या पगारातले आहेत. कायद्याच्या भाषेत ते विश्वस्त म्हणून ठेवलेले पैसे. ते जाणूनबुजून भरले नाहीत तर आयआरएस तितकाच, म्हणजे शंभर टक्के, दंड जबाबदार व्यक्तीकडून वैयक्तिकरीत्या वसूल करू शकतं. इथे एलएलसीची ढाल चालत नाही. जबाबदार व्यक्ती म्हणजे कुणाला आधी पैसे द्यायचे ते ठरवणारी. चेकवर सही करणारी बायको किंवा भागीदार मित्रही त्यात येऊ शकतो. 'नुसतं नाव घालून ठेवलंय' अशा भागीदारीत शिरण्यापूर्वी एवढं लक्षात असू द्या. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही वैयक्तिक जबाबदारीची अशीच तरतूद आहे.

पायरी ६: डिपॉझिटच्या तारखा

फेडरल डिपॉझिट ऑनलाइनच भरायचं, बहुतेक जण ईएफटीपीएस या सरकारी कर-भरणा साइटवरून भरतात. त्याचा पिन टपालाने येतो, म्हणून नोंदणी पहिल्या पगाराच्या बऱ्याच आधी करा. आणि एक खोच: ईएफटीपीएसवरचं पेमेंट मुदतीच्या आदल्या दिवशी ईस्टर्न वेळेप्रमाणे रात्री ८ च्या आत लावावं लागतं. कॅलिफोर्नियात तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, म्हणजे ऐन टिफिन भरायची वेळ. सकाळीच उरकून टाका.

नवा मालक सुरुवातीला 'मासिक' गटात असतो: ज्या महिन्यात पगार दिला, त्याच्या पुढच्या महिन्याच्या १५ पर्यंत भरायचं. १५ तारीख शनिवार-रविवार किंवा सुट्टीवर आली तर पुढचा कामकाजाचा दिवस. २०२५ मध्ये १५ फेब्रुवारी शनिवारी होती, सोमवारी १७ ला प्रेसिडेंट्स डे, म्हणून मुदत १८ वर गेली. 'पगार दिला' हे शब्द महत्त्वाचे. १६ ते ३१ जानेवारीचं काम, पण चेक ५ फेब्रुवारीला, तर तो कर फेब्रुवारीचा.

पूर्ण तिमाहीचा फेडरल कर २,५०० डॉलरच्या आत असेल तर तिमाही फॉर्मबरोबर एकदम भरता येतो. आपले तिमाहीचे २,७६६ होतात, जेमतेम पण वरच. म्हणजे एकाच माणसासाठी दरमहा भरणं आलं. पुढे धंदा वाढून, दोन वर्षांपूर्वीच्या १ जुलै ते मागच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंतचा कर ५०,००० च्या वर गेला, तर तुम्ही 'सेमीवीकली' गटात जाता: बुधवार ते शुक्रवारच्या पगाराचं पुढच्या बुधवारी, शनिवार ते मंगळवारच्या पगाराचं पुढच्या शुक्रवारी.

उशिराचा दंड पाच दिवसांपर्यंत २ टक्के, पंधरा दिवसांपर्यंत ५, त्यापुढे १० आणि नोटीस येऊनही भरलं नाही तर १५ टक्के. नव्याने डिपॉझिट भरू लागलेल्या छोट्या मालकाला पहिल्या तिमाहीतल्या अनवधानाच्या चुकीसाठी यातून सवलत मागता येते, पण फॉर्म वेळेवर भरलेला हवा.

राज्याची चाल वेगळी आहे. तिमाहीत कापलेला राज्य आयकर ३५० डॉलरच्या आत असेल तर ईडीडीला तिमाहीला एकदाच भरायचं. आपले २७० होतात, म्हणजे इथे सुटका. बाईंना पगारवाढ दिलीत किंवा दुसरा माणूस आला की ३५० ओलांडून तिथेही दरमहा भरावं लागेल. दोन्ही सरकारांचा हिशेब एकाच तारखेला लावायची सवय त्यामुळे सुरुवातीपासून ठेवलेली बरी. लवकर भरल्याबद्दल कुणी काही म्हणत नाही.

पायरी ७: तिमाही आणि वार्षिक फॉर्म

डिपॉझिट म्हणजे पैसे, फॉर्म म्हणजे हिशेब. पैसे भरले तरी फॉर्म राहिला तर दंड वेगळा.

फेडरल तिमाही फॉर्म ९४१. कॅलिफोर्नियाचे डीई ९ आणि डीई ९सी, दुसऱ्यात माणसागणिक पगार, आणि ते ऑनलाइनच. तारखा दोन्हीकडे सारख्याच: ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी.

जानेवारीअखेर मग सगळं एकदम अंगावर येतं. चौथ्या तिमाहीचा ९४१, राज्याचे दोन फॉर्म, एफयूटीएचा फॉर्म ९४०, कर्मचाऱ्याला डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला) आणि त्याचीच प्रत डब्ल्यू-३ सह सोशल सिक्युरिटी खात्याला. खरे कॉन्ट्रॅक्टर असतील तर त्यांचे १०९९-एनईसीही. संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले की बसायचं, ३० तारखेची वाट बघायची नाही. डब्ल्यू-२ वर नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर कार्डावर आहेत तसेच टाका. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधलं होतं, कधी गळतं, लग्नानंतर आडनाव बदलतं. कार्डशी जुळलं नाही तर त्या व्यक्तीच्या खात्यात कमाई नीट जमा होत नाही.

एफयूटीएचा कॅलिफोर्नियातला फटका

०.६ टक्क्याने माणशी ४२ डॉलर, असं बहुतेक ठिकाणी वाचाल. कॅलिफोर्नियात ते खरं नाही. कोविडच्या काळात राज्याने बेकारी भत्त्यासाठी केंद्राकडून कर्ज घेतलं आणि ते फेडलेलं नाही. असं कर्ज लागोपाठ दोन १ जानेवारींना बाकी राहिलं आणि त्या वर्षीच्या १० नोव्हेंबरपर्यंतही फिटलं नाही, की त्या राज्यातल्या मालकांची ५.४ टक्क्यांची वजावट दर वर्षी ०.३ ने घटत जाते. २०२२ मध्ये ०.३ पासून सुरुवात झाली, २०२४ ला ०.९ आणि २०२५ ला १.२. म्हणजे २०२५ चा खरा दर १.८ टक्के, माणशी १२६ डॉलर. जास्तीचे ८४ वर्षभर कुठेच दिसत नाहीत आणि फॉर्म ९४० भरताना उगवतात. तुम्ही एकही हप्ता चुकवलेला नसतो, तरी हा भुर्दंड राज्याच्या कर्जापायी तुमच्यावर. राग येण्यासारखंच आहे, पण भरावा लागतो.

राज्याचा यूआय तुम्ही स्वतःच उशिरा भरलात तर वजावट आणखी कमी होते. दोन वेगळ्या दारांमधला हा एक छुपा दुवा आहे.

एवढं धरून बाईंचा वर्षाचा हिशेब: पगार ४८,०००; तुमचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा वाटा ३,६७२; यूआय २३८; ईटीटी ७; एफयूटीए १२६. म्हणजे ४,०४३ डॉलर वर, जवळपास साडेआठ टक्के, वर्कर्स कॉम्प सोडून. टिफिनचा दर ठरवताना हा आकडा धरलेला असावा.

दुसऱ्या राज्यात असाल तर

फेडरल भाग सगळीकडे तोच. राज्याचा भाग मात्र पार बदलतो. टेक्सासमध्ये पगारावर राज्य आयकर नाही, बेकारी कर माणशी पहिल्या ९,००० डॉलरवर. वॉशिंग्टन राज्यातही आयकर कापायचा नाही, पण बेकारी कराची मर्यादा ७२,८०० डॉलर, शिवाय कौटुंबिक रजेचा हप्ता. न्यू जर्सीत ती ४३,३०० आहे, तिथे कर्मचाऱ्याकडूनही बेकारी कराचा वाटा कापला जातो, आणि आजारपण व कौटुंबिक रजेचे हप्ते वेगळे.

नियम काम कुठे होतं त्यावरून लागतो, ऑफिसच्या पत्त्यावरून नाही. फ्रीमॉन्टची तुमची अकाउंट्स बघणारी मुलगी ऑस्टिनला राहायला गेली आणि तिथून काम करू लागली, तर टेक्सासमध्ये एम्प्लॉयर म्हणून नोंदणी आली. काही शेजारी राज्यांमध्ये करार आहेत: पेनसिल्व्हेनियात राहून न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्याने तसा फॉर्म दिला तर न्यू जर्सीचा आयकर कापायचा नाही. फिलाडेल्फिया शहराचा पगारावरचा कर मात्र त्या करारात नाही, त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनहून तिथे कामाला जाणाऱ्यांचा तो कापला जातो.

पायरी ८: पेरोल कंपनी घ्यायची का?

घ्या. गस्टो, एडीपी, पेचेक्स, क्विकबुक्स यांपैकी कुणीही एका माणसाचा पेरोल चालवतं, आणि स्वतः फॉर्म भरण्यात जाणारी संध्याकाळ वाचते. पण भरायची जबाबदारी कायद्याने तुमचीच राहते. कंपनीने तुमच्याकडून पैसे घेतले आणि पुढे भरलेच नाहीत तरी आयआरएस तुम्हालाच धरतं. म्हणून स्वतःचं ईएफटीपीएसचं खातं ठेवा आणि महिन्याच्या १६-१७ तारखेला आत जाऊन डिपॉझिट दिसतंय का ते बघा. आयआरएस आणि ईडीडीकडे पत्ता तुमचाच असू द्या, पेरोल कंपनीचा नको. नाहीतर नोटिसा तिकडे जातील आणि तुम्हाला पत्ताच नसेल.

सेटअप करताना कंपनी ईडीडी नंबर मागते. तो नसला तर काही जण 'अप्लाइड फॉर' टाकून पुढे जातात आणि विसरतात. मग पगारातून कापलं जातं, पण राज्याकडे पैसे पोचत नाहीत. नंबर आला की लगेच भरा आणि यूआयचा दर ३.४ लागलाय ना तेही तपासा. ईडीडी दर वर्षी नव्या दराची सूचना पाठवतं, ती पेरोल कंपनीला तुम्हीच द्यायची असते.

पेरोलचे कागद किमान चार वर्षं ठेवा. आय-९ चा हिशेब निराळा: कामावर घेतल्यापासून तीन वर्षं किंवा काम सोडल्यापासून एक वर्ष, यातलं जे नंतर येईल ते.

माणूस सोडून गेला तर

तुम्ही काढलंत तर शेवटचा पूर्ण पगार त्याच दिवशी. न सांगता सोडलं तर ७२ तासांत. उशीर झाला तर कॅलिफोर्नियात दर दिवसाला एका दिवसाचा पगार, जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत, असा दंड कर्मचाऱ्याला द्यावा लागू शकतो.

दुसरं कुणी लगेच ठेवणार नसाल तरी तिमाही फॉर्म थांबत नाहीत. पगार शून्य असला तरी ९४१ आणि डीई ९ शून्य लिहून भरायचे. माणूस ठेवायचाच नाही असं पक्कं ठरलं तर ९४१ वर हा शेवटचा फॉर्म असल्याची खूण करा, शेवटच्या पगाराची तारीख लिहा आणि ईडीडीचं खातं ई-सर्व्हिसेसवरून बंद करा. डब्ल्यू-२ मात्र पुढच्या जानेवारीत त्यांच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवायचाच असतो, तेव्हा निरोप देताना नवा पत्ता लिहून घ्या.